उताराची तयारी

शर्यतीच्या माहितीत दोन आकडे एकाखाली एक दिलेले असतात. एकूण चढ 3,790 मीटर, एकूण उतार 3,950 मीटर. मागच्या वर्षी कोजागरीच्या सुमारास मी ते पहिल्यांदा वाचले आणि पुढचे चार महिने फक्त वरच्या आकड्याची तयारी करत राहिले. हे लिहायला बसले आहे ते खालच्या आकड्यासाठी.

शर्यत भूतानची आहे, 'टूर ऑफ द ड्रॅगन'. 2010 पासून होते. मध्य भूतानातल्या बुमथांगहून रात्री दोन वाजता सायकली सुटतात आणि 268 किलोमीटर कापून त्याच दिवशी थिम्पूला पोचायचं असतं. वाटेत चार खिंडी लागतात: किकी ला, योटोंग ला, पेले ला आणि दोचु ला. तिकडच्या भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. मोठ्या खिंडी 3,300 मीटरच्या पुढच्या. सप्टेंबर म्हणजे पावसाळा सरत आलेला असतो, दरडी पडलेल्या असतात, रस्ता जागोजागी उखडलेला आणि चिखलाचा. म्हणून तिथे माउंटन बाइक लागते.

मी एक्केचाळीस वर्षांची. जुळे सोलापुरात राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मुलगा सातवीत. सायकल धरून सहा वर्षं झाली. पंढरपूरला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर कैक वेळा झालं होतं, 200 किलोमीटरची एक ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केली होती. त्यापलीकडे काही नाही. भूतान निवडलं त्याचं एक कारण सरळ पैशाचं होतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्टवर किंवा मतदार ओळखपत्रावर परवाना मिळतो आणि दर रात्रीचे 1,200 रुपये शुल्क भरावं लागतं. माझ्या पगारात बसेल असा परदेश हाच होता. दुसरं कारण सांगता येत नाही. रात्री दोनला अंधारात डोंगराकडे तोंड करून उभी असलेली मी मला दिसायला लागले होते, एवढंच म्हणता येईल.

पहिलं काम लॅबमध्येच झालं. दुपारी रिकामी असताना स्वतःचं रक्त काढून मशीनला लावलं. हिमोग्लोबिन 10.9. बाईचं 12 च्या खाली आलं की ॲनिमिया म्हणायचं, हे मी रोज दहा जणींच्या रिपोर्टवर लिहिते. फेरिटिन लावलं तर 9. शरीरातला लोहाचा साठा संपल्यात जमा होता आणि मी डोंगरावरच्या विरळ हवेत जायच्या गोष्टी करत होते. साडेतीन हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशच उरतो. जो काही ऑक्सिजन आत येईल तो वाहून न्यायला माझ्याकडे गाड्याच कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवसाआड घ्यायला सांगितल्या. जेवणावर लगेच चहा बंद केला, गोळी लिंबूपाण्याबरोबर. आमच्या घरात जेवण झालं की कप पुढे येतोच, त्यामुळे हे सगळ्यात अवघड गेलं. मार्चमध्ये 12.7 आलं तेव्हा मी तो कागद सासूबाईंना नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तू दमत होतीस ते उगीच नव्हे." हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. तुम्ही बाई असाल आणि लांब सायकल चालवायचं मनात असेल, तर सायकलच्या दुकानात जाण्याआधी ही तपासणी करा.

आता चढाचं. सोलापूर साडेचारशे मीटरवर, चारी बाजूंनी माळ. चढ म्हणावा असा जवळचा एकच, तुळजापूरचा घाट, पंचेचाळीस किलोमीटरवर. त्या घाटाशी माझी ओळख जुनी. लहानपणी कोजागरीला आईबरोबर सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत गेलेली आहे. रस्ता माणसांनी भरलेला, आणि घाट लागला की आई म्हणायची, आता बोलायचं नाही, नाकानं श्वास घे. तोच घाट आता माझ्या घड्याळावर सव्वाशे मीटरच्या आतबाहेर भरतो. 3,790 ला भागलं तर तीस वेळा चढायला हवा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडायची, देवीला येणाऱ्या गाड्यांची रांग असते. बुधवारी आणि शनिवारी पहाटे साडेतीनला घर सोडायचं, सहा-सात चढ करून परत. नवरा शनिवारी गाडी घेऊन यायचा आणि घाटाखाली झोप काढायचा.

खाली उतरणं म्हणजे विश्रांती, असं मी धरून चालले होते. वर पोचायचं, वळायचं, ब्रेक धरून खाली यायचं, पाणी प्यायचं, परत वर.

जानेवारीच्या शेवटी, गड्ड्याची यात्रा ओसरल्यावर, भावाकडे पुण्याला गेले आणि सिंहगड केला. पायथ्यापासून वरपर्यंत साधारण सहाशे मीटर, म्हणजे आमचे पाच घाट एकावर एक. चढ नीट झाला. वर कांदाभजी खाल्ली, ताक प्यायले आणि उतरायला लागले. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर बोटं दुखायला लागली. निम्म्यावर आले तेव्हा हाताचे पुढचे भाग दगडासारखे झाले होते आणि लिव्हर दाबतेय की नाही तेच कळेना. थांबले. पुढच्या चाकाच्या रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, बाटलीतलं पाणी टाकलं तर तव्यावर टाकल्यासारखं चर्र झालं. एका बाजूला दरी, मागून जीपगाड्या, आणि मला माझ्याच हातांचा भरवसा नव्हता.

त्या रात्री भावाच्या घरी मी भूतानच्या शर्यतीचा चढ-उताराचा आलेख पुन्हा काढला. या वेळी उजवीकडे खाली जाणाऱ्या रेषांवर बोट ठेवत गेले. पेले लापासून वांगदूच्या खोऱ्यापर्यंत एकच उतार आहे, दोन हजार मीटरचा, लांबी साठ किलोमीटरच्या आसपास. खाली 1,200-1,300 मीटरवर नदी. आणि तिथून लगेच शेवटची खिंड, दोचु ला, 3,100 मीटरच्या पुढे. म्हणजे दोनशे किलोमीटर झाल्यावर एकावर एक तीन सिंहगड. माझ्यासारखी बाई त्या उतारावर हात मोडून, जीव मुठीत धरून खाली आली, तर दोचु लाच्या पायथ्याशी तिच्यात काय उरेल? पाय शाबूत असतील, पण दोन-तीन तास घाबरलेलं माणूस पायांच्या जोरावर चढत नाही. मला उतरायला शिकायचं होतं. घाबरून नाही, आणि हात वाचवून.

आमच्याकडे सायकलवाल्यांत चढाचं फार कौतुक. कुणी किती मिनिटांत घाट मारला, याचीच चर्चा. उतार कसा केलास, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

शिकवलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे पूर्व भागातले आमचे सायकल मिस्त्री, वय पासष्टच्या पुढे. पूर्वी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर पाने-पक्कड हातात घेतली. माउंटन बाइक त्यांनी स्वतः कधी चालवलेली नाही, पण ब्रेक म्हणजे काय हे त्यांच्याइतकं मला कुणी समजावलं नाही. दुकानासमोरच्या गल्लीत त्यांनी मला सायकलवर बसवलं आणि आधी लिव्हरच सैल करून आत सरकवले. "ताई, तुमचं बोट छोटं हाय. लिव्हर लांब हाय म्हणून तुम्ही चार बोटांनी धरालाय. एका बोटानं धरा, बाकीची तीन हँडलला राहू द्या." एवढ्यानं अर्धं दुखणं गेलं. चार बोटांनी ब्रेक ओढला की हँडल धरायला फक्त अंगठा राहतो, आणि सगळा ताण मनगटावर येतो. इतकी वर्षं मी तसंच करत होते.

बाकीचं घाटात शिकले. वळणात शिरण्याआधी ब्रेक लावायचा आणि वळणात सोडायचा. हे लिहायला सोपं. करताना वळण दिसलं की बोट आपोआप आवळतं. वळणात पुढचा ब्रेक आवळला आणि खाली खडी असली की चाक निसटतंच. उतारावर वजन पुढच्या चाकावर जातं म्हणून खरं थांबवण्याचं काम पुढचाच ब्रेक करतो, पण तो सरळ रेषेत वापरायचा. सतत घासत ठेवायचा नाही. जोरात लावायचा, सोडायचा, रोटरला वारा लागू द्यायचा. पेडल आडवी ठेवायची, बूड सीटवरून किंचित उचलून मागे, कोपरं बाहेर. आणि नजर पुढच्या चाकावर नाही, वळणाच्या पलीकडे, जिथे जायचं तिथे. फेब्रुवारीभर मी चढाची वेळ मोजलीच नाही. प्रत्येक उतारानंतर खाली थांबून मुठी उघडून बघायची, बोटं थरथरतात का. डायरीत तेवढंच लिहायचं: 'थरथर आहे', 'थोडी', 'नाही'.

मार्चमध्ये पडले. चूक माझी नव्हती, पण अर्धी होती. अण्णा गावाला गेले होते आणि मी घाई केली. ब्रेक मऊ लागत होते म्हणून दुसऱ्या एका दुकानात सायकल दिली, तिथे त्यांनी ब्रेकमधलं तेल बदलून दिलं. चार दिवसांनी घाटात पहिलाच उतार, तिसऱ्या वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला तो सुटेचना. लिव्हर हँडलला चिकटून बसला. चाक घासत घासत अडकलं आणि मी डाव्या कोपरावर रस्त्याकडेच्या मुरुमात गेले. वेग कमी होता म्हणून निभावलं. कोपराला पाच टाके पडले.

अण्णा परत आल्यावर त्यांनी ब्रेक खोलला आणि तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, ते लालसर गुलाबी दिसतं. कागदावरचा डाग फिका पिवळा होता. "ह्यात मोटारसायकलचं ऑइल कुणी घातलं हो?" त्यांनी चिमट्यानं आतली रबरी सील काढून माझ्या तळहातावर ठेवली. नवी सील शेजारी ठेवली. जुनी फुगून चांगलीच जाड झाली होती, बोटानं दाबली तर लिबलिबीत. मोटारसायकलचं डॉट तेल आणि हे खनिज तेल दिसायला सारखंच पातळ, पण एकासाठी बनवलेलं रबर दुसऱ्यात टिकत नाही. सील फुगली की पिस्टन मागे जात नाही. मी रोज अभिकर्मकांच्या बाटल्या हाताळते, एका चाचणीचा द्रव दुसऱ्यात गेला तर काय होतं हे मला कळतं, आणि तरी माझ्याच सायकलमध्ये काय ओततायत ते मी विचारलं नव्हतं. ही माझी अर्धी चूक. पुढचा ब्रेक लिव्हरपासून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत नवा घ्यावा लागला.

नवा ब्रेक बसवताना रोटरला दाबून धरणारे पॅडही बदलायचे ठरले. चिखलात आणि लांब उतारावर रेझिनचे पॅड लवकर झिजतात, तापले की पकडही सोडतात. धातूचे जास्त टिकतात. मी धातूचे मागवलेसुद्धा. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून रोटर डोळ्यांजवळ धरला आणि मला वाचायला लावलं. कडेला बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, 'रेझिन पॅड ओन्ली'. म्हणजे रोटरही बदला. माझ्या सायकलवर तीन वर्षं ती अक्षरं होती. नव्या पॅडना रोटरवर बसवण्यासाठी विजापूर रस्त्यावर रात्री वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता, हळूहळू थांबले. मुलगा गेटवर उभा राहून मोजत होता.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे चारलाही हवा गरम. निघताना आणि परतल्यावर वजन करायचे, दोन तासांत दीड किलोपर्यंत घट यायची, तेवढं सगळं पाणी. ओआरएसवर माझा भरवसा होता, पण लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम असतं. लांब शर्यतीत तासाला साठ ग्रॅमपर्यंत कर्बोदकं पोटात जायला हवीत. साठ ग्रॅम ओआरएसमधून मिळवायचे तर तासाला चार लिटरच्या वर प्यायला लागेल. मीठ-पाण्यासाठी ओआरएस, पोटासाठी काहीतरी वेगळं. कडक भाकरी कोरड्या तोंडात फिरते, शेंगाचटणी जड पडते. शेवटी सासूबाईंची दूध-गुळाची दशमी जमली. तळहाताएवढी, चार घड्या घातलेली, मीठ जरा जास्त. एका दशमीत माझ्या हिशेबानं चाळीस ग्रॅम. चढावर दम लागलेला असताना घास गिळवत नाही, उतारावर हात सोडता येत नाही. म्हणून सवय लावून घेतली: घाटमाथ्यावर अर्धं मिनिट थांबायचं, दशमी तोंडात, जाकीट अंगात, मग खाली. ही अर्ध्या मिनिटाची शिस्त मला कुठल्याही चढापेक्षा जास्त वेळा गिरवावी लागली. थांबायला मन तयारच होत नाही.

जूनमध्ये पाऊस पडला आणि हिप्परग्याच्या तलावामागच्या शेतवाटांवर चिखलाचा सराव करायला गेले. काळी माती टायरवर चढत चढत फ्रेमपर्यंत भरली आणि चाकं फिरायची थांबली. सायकल खांद्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चालले. भूतानचा चिखल असा नसावा अशी आशा आहे. पण बाभळीच्या काडीनं टायर कसा पटकन मोकळा करायचा हे तरी कळलं.

राहिली थंडी. वरच्या खिंडीत घामेजलेल्या अंगानं पोचायचं आणि अंधारात, पावसात खाली सुटायचं, तर बोटं बधिर होणार. सोलापुरात ते कुठून आणायचं? लॅबमध्ये नमुने ठेवायच्या डब्यांसाठी बर्फ असतो. तो रात्री घरी नेला, न्हाणीघरात बादलीत ओतला, पाणी घातलं. दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ठेवायचे आणि बाहेर काढून लगेच ट्यूब बदलायची. पहिल्या दिवशी वॉल्वचं टोपण काढायलाच मला दोन मिनिटं लागली. बोटं दिसतात, पण आपली नाहीत असं वाटतं. टायर उचकटायचा लिव्हर हातातून तीनदा पडला. मुलगा दारात स्टॉपवॉच घेऊन बसायचा. पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली. जुलैअखेर अकरावर आलं. त्यात माझी हुशारी एवढीच की टोपण घरीच काढून टाकलं आणि टायरच्या लिव्हरला जाड रंगीत दोरी बांधली.

मग ती रात्र. जुलैतला बुधवार. संध्याकाळी पाचला घाटात सुरुवात केली. चढ मोजायचे नाहीत, उतार मोजायचे. 3,950 ला सव्वाशेनं भागून बत्तीस. नवरा खाली पार्किंग लाइट लावून बसला होता, प्रत्येक फेरीला खडूनं बॉनेटवर रेघ मारत होता. अकराच्या सुमारास भुरभुर सुरू झाली. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड ओल्या रस्त्यावर पसरतो आणि दोन सेकंद काहीच दिसत नाही. त्या वेळी रस्त्याच्या डाव्या पट्टीवर नजर ठेवायची आणि बोट लिव्हरवर नुसतं टेकवून ठेवायचं. एकोणिसाव्या फेरीत मी वरती थांबले नाही, दशमी खाल्ली नाही. बाविसाव्या फेरीत वळणात उगाचच ब्रेक आवळायला लागले, भीती परत आली. नवऱ्यानं खिडकीतून विचारलं, "खाल्लंस का?" एवढंच. मी दोन दशम्या बसून खाल्ल्या, दहा मिनिटं गेली, आणि पुढची फेरी पुन्हा नीट झाली. पोटात अन्न नसलं की मला उताराची भीती वाटते, हे माझ्या बाबतीत इतकं थेट आहे याचा मला अंदाज नव्हता.

पहाटे सव्वापाचला बत्तिसावा उतार संपला. मुठी उघडल्या. बोटं सुजलेली होती, थरथरत नव्हती. नवऱ्यानं शेवटची रेघ ओढली आणि गाडी पुसायला फडकं काढलं. मी म्हटलं, राहू दे, अण्णांना दाखवू. देवीच्या दर्शनाला गेलो तेव्हा पायऱ्या उतरताना मी कठड्याला धरलं होतं. गुडघ्यांनी तेवढं मागितलं.

परवा निघायचंय. गाडीनं हैदराबाद, विमानानं बागडोगरा, तिथून जयगाव, मग सीमेपलीकडे फुंटशोलिंग. उंचीची सवय व्हावी म्हणून शर्यतीच्या आठ दिवस आधी बुमथांगला पोचते आहे. ती सवय सोलापुरात बसून होत नाही. काल रात्री अण्णांनी घरी येऊन सायकल खोक्यात भरली. फ्रेमच्या नळ्यांना फोम, वर जुनी सोलापुरी चादर. दिव्याची बॅटरी हातातल्या पिशवीत, लिथियमची बॅटरी सामानात टाकता येत नाही. चाकं काढली की पॅडच्या मधे काहीतरी घालावं लागतं, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. अण्णांनी लॅबच्या जुन्या फाइलचा पुठ्ठा कापून दोन तुकडे केले, फुंकर मारून धूळ काढली आणि कॅलिपरमध्ये सरकवले. मग लिव्हरला रबरबँड लावला. मुलानं मार्कर घेऊन खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चाक लावण्याआधी पुठ्ठा काढणे'. खाली माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली सोलापूर.